बंड्याचा क्लेम चार्ट : भुसावळमधलं एक प्रकरण

हे लिहायला ताईची परवानगी आहे. ताई म्हणजे आमच्या टीममधली सगळ्यात जुनी पेटंट अ‍ॅनालिस्ट. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण सगळे तिला ताईच म्हणतात, मीसुद्धा. ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत, आणि ज्या कंपन्यांचा वाद होता त्यांच्याबद्दल तर एक अक्षर सांगता येणार नाही. तिच्या घरच्या कुत्र्याचं, बंड्याचं, नाव तेवढं खरं आहे. ते बदलायचं नाही, असं तिच्या वडिलांनी बजावून सांगितलं.

पार्श्वभूमी

आम्ही पाच जण. जळगावात एक खोली आहे, तिथून पुण्याच्या एका ऑफिससाठी पेटंट शोधाचं काम चालतं. मोबाइल कंपन्या एकमेकींना कोर्टात खेचतात, तेव्हा जिच्यावर खटला झालाय तिचे वकील पहिला प्रश्न हा विचारतात की समोरच्याचं पेटंट मुळात पाडता येईल का. पेटंटच्या प्रायॉरिटी डेटच्या, म्हणजे त्यासाठी पहिला अर्ज केल्याच्या तारखेच्या, आधी तीच गोष्ट कुठे छापून आली असेल, बाजारात आली असेल, तर पेटंट डळमळतं. असा जुना पुरावा म्हणजे प्रायर आर्ट. तो शोधायचा, आणि पेटंटमधल्या दाव्याचे (क्लेमचे, म्हणजे नेमकं काय आपलं ते सांगणाऱ्या वाक्याचे) तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासमोर तो जुन्या कागदात नेमका कुठे सापडतो ते लिहायचं. या तक्त्याला क्लेम चार्ट म्हणतात. एका कागदाच्या जोरावर पेटंट पाडायचं तर त्या कागदात दाव्यातला एकूण एक तुकडा सापडावा लागतो. एक जरी रिकामा राहिला तरी तो कागद एकटा पुरत नाही.

नवीन मुलांना शिकवताना मी नेहमी बोट सरकवून फोन उघडण्याचं उदाहरण देतो. ते पेटंट अ‍ॅपलचं. पण निओनोड नावाच्या छोट्या स्वीडिश कंपनीच्या एन-1 फोनमध्ये बोट सरकवून फोन उघडायची सोय आधीच होती, आणि ती त्या फोनच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेली होती. जर्मनीत 2013 मध्ये पेटंट न्यायालयाने अ‍ॅपलचं पेटंट रद्द केलं, 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. अमेरिकेत मात्र त्याच तंत्रावरून सॅमसंगशी वाद चालला. तिथे 2016 च्या फेब्रुवारीत अपिलात पेटंट पडलं आणि ऑक्टोबरमध्ये पूर्णपीठाने ते पुन्हा उभं केलं. त्या खटल्यातली 11.96 कोटी डॉलरची भरपाई, ज्यात इतरही पेटंट होती, परत लागू झाली. पुस्तिका तीच, निकाल दोन. आमचं पोट अशा पुस्तिकांवर चालतं.

ताई 2020 च्या लॉकडाऊनमध्ये भुसावळला घरी गेली ती तिथेच राहिली. घरी आई आणि आप्पा. आप्पा रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, ते आप्पांना पटलेलं नाही. गुडघे कामातून गेलेले. आणि बंड्या : लॅब्राडोरची आई आणि गल्लीतला बाप, वय नऊ, वजन 28 किलो.

अडचण

ऑगस्ट 2022. ओप्पोने जर्मनीत फोन विकणं थांबवल्याची बातमी नुकतीच आली होती, कारण नोकियाने तिथे पेटंटचा निकाल आपल्या बाजूने मिळवला होता. पुण्याच्या ऑफिसात त्या महिन्यात फोन सारखा वाजत होता. आमच्याकडे आलेलं काम वेगळ्या वादातलं, भारतातलं. दावा व्यापारी न्यायालयाच्या नियमांखाली होता, म्हणजे समन्स मिळाल्यापासून जास्तीत जास्त 120 दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. त्यानंतर उत्तर देण्याचा हक्कच जातो, न्यायाधीशांनी ठरवलं तरी मुदत वाढत नाही. पेटंट रद्द करण्याची मागणी त्या उत्तरासोबतच लावायची होती. आमच्या हाती आलं तेव्हा बरेच दिवस सरलेले. आमची तारीख ठरली सोमवार, 5 सप्टेंबर.

भुसावळच्या घरात काय चाललंय हे मला माहीत नव्हतं. तेव्हा दिसत गेलं त्या क्रमाने सांगतो. 18 तारखेला पावसात अंगणात घसरून बंड्या लंगडायला लागला. दोन दिवसांत चालायला लागला. 22 ला त्याने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या. 24 ला दाखवला तेव्हा कानात गोचीड सापडले, हिरड्या फिक्या, अंगात ताप. गोचीडताप म्हणून डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू झालं. आमच्याकडे पावसाळ्यात कुत्रा मलूल दिसला की बऱ्याचदा हेच निघतं, त्यामुळे डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यात वेळ वाईट. गुरांच्या लंपी रोगाची राज्यातली साथ त्याच महिन्यात आपल्या रावेर तालुक्यातून सुरू झाली होती. गुरांचे बहुतेक डॉक्टर गावोगाव लस टोचत फिरत होते, पोळा तोंडावर आलेला. कुत्र्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

28 ला ताईने एका ओळखीच्या डॉक्टरांना जळगावात दाखवलं. रक्त काढलं. प्लेटलेट 90 हजार, दोन लाखांच्या वर हव्यात. किडनी किती बिघडली ते सांगणारं क्रिएटिनिन 6.8, दीडच्या आत हवं.

त्या आठवड्यात ताईने मला तीनदा सांगितलं, “दादा, इकडे नेट नाही.” भुसावळला नेट जातं हे खरं, म्हणून मी विश्वास ठेवला. 29 च्या संध्याकाळी तिने खरं सांगितलं. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, “कुत्र्यासाठी?” पलीकडून काही आवाज नाही. कूलरचा तेवढा येत होता.

रात्रीचा चार्ट

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा, म्हणून इथे जरा थांबतो.

28 च्या रात्री झोप येईना म्हणून ताईने लॅपटॉप उघडला आणि हाताला सवय होती तेच केलं. डाव्या रकान्यात लक्षणं, एकेक सुटी. उजव्या रकान्यात पुरावा आणि तारीख. तारखा तिने आठवणीवर सोडल्या नाहीत. फोनच्या गॅलरीतून घेतल्या, कारण डॉक्टरांना दाखवायला तिने उलटीचे, शीचे फोटो काढून ठेवले होते. ताप, फिक्या हिरड्या, प्लेटलेट : गोचीडतापाच्या रकान्यात बसलं. भरमसाठ पाणी पिणं, पाण्यासारखी लघवी, तोंडाला अमोनियासारखा वास : हे किडनीचं, आणि गोचीडतापाने किडनी बिघडू शकते, म्हणून तेही ओढूनताणून बसलं. एक तुकडा रिकामा राहिला. डांबरासारखी काळी शी. फोटो 23 ऑगस्ट, सकाळी 6.50 चा. म्हणजे पोटात रक्तस्राव, आणि तोही औषध सुरू होण्याच्या एक दिवस आधी.

मग तिने आमच्या धंद्यातला पुढचा प्रश्न विचारला. 23 च्या आधी काय होतं?

ते सापडलं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मावशीने 19 तारखेला विचारलं होतं, बंड्या लंगडतो म्हणे? आप्पांचा नऊ सेकंदांचा व्हॉइस मेसेज : “माझी गुडघ्याची गोळी दिली त्याला, आता पळतोय बघ.” डायक्लोफेनॅक, 50 मिलिग्रॅम. सकाळ-संध्याकाळ, चार दिवस, चपातीत लपवून. आप्पांनी काही दडवलं नव्हतं. गोळीने कुत्रा बरा झाला अशीच त्यांची समजूत होती, मग डॉक्टरांना सांगायचं काय? गिधाडं मरतात म्हणून हे औषध 2006 मध्ये जनावरांसाठी बंद झालं, पण माणसांसाठीच्या पट्ट्या आपल्याकडे घरोघरी डब्यात पडलेल्या असतात. कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला ते माणसाच्या मात्रेत झेपत नाही.

इथवर चार्टने कमाल केली. पुढे त्याच चार्टने ताईला चकवलं. एक तुकडा जुळत नाही म्हणजे गोचीडतापाचं निदानच पडलं, असं तिने ठरवलं आणि सकाळी डॉक्टरांना फोन करून डॉक्सीसायक्लिन बंद करू का विचारलं. डॉक्टर म्हणाले, “ताई, गोचीडपण आहे आणि गोळीपण आहे. कुत्रा एक असला म्हणून आजार एकच असावा असं कुठे लिहिलंय?” औषध चालू ठेवायला सांगितलं, फक्त रिकाम्या पोटी नाही, आणि पोटाच्या जखमेसाठी वेगळं औषध जोडलं. ताई नंतर मला म्हणाली, मी एका रेफरन्समध्ये, म्हणजे एकाच जुन्या कागदात, सगळं शोधत बसले, दोन रेफरन्स जोडायचे असतात हेच विसरले. आमच्यात दोन कागद जोडून पेटंट पाडायचा रस्ता वेगळा असतो, रोज त्यावर काम करतो आम्ही. पण ज्ञान वेळेला खिशात सापडेलच असं नाही.

समोरचे पर्याय

मुंबईला परळचं जनावरांचं मोठं हॉस्पिटल. जुनं, नावाजलेलं. पण चारशे किलोमीटरहून जास्त. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर कुत्रा जातो ब्रेकव्हॅनमधल्या डॉग बॉक्समध्ये. आप्पांनी ते खोकं आयुष्यभर आपल्या डब्यात पाहिलेलं. “त्यात धडधाकट कुत्रा लोळागोळा होतो. मी नाही टाकणार,” एवढंच म्हणाले.

नाशिक. अडीचशे किलोमीटर, गाडी करून पाच-सहा तास. तिथे खासगी दवाखान्यात भरती करता आलं असतं, रात्रंदिवस सलाइन, रोज तपासणी. खर्चाचा अंदाज दिवसाला चार-पाच हजार.

घरीच सलाइन. जळगावचे डॉक्टर फोनवरून मात्रा सांगणार, आणि भुसावळमधले एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक येऊन शीर पकडून देणार. आयुष्य गाई-म्हशींत गेलेलं, कुत्र्याची शीर शोधायला दोनदा टोचावं लागेल हे त्यांनी आधीच सांगितलं.

आणि झोपवणं, म्हणजे सुई देऊन शांतपणे मरण. हे डॉक्टरांनीच काढलं, चांगलं केलं. आईने हात जोडले, म्हणून त्या दिवशी ते तिथेच राहिलं.

आप्पांचे अमळनेरकडचे एक जुने सहकारी भेटायला आले होते, त्यांनी पाचवा पर्याय दिला. “इतला पैसा कुत्राले कसाले लावतस, आप्पा?” आप्पांनी उत्तर दिलं नाही. चहा मात्र द्यायला लावला.

डॉक्टरांनी निवड सोपी करून दिली. बंड्याला लघवी होत होती, म्हणजे किडनी पुरती बंद पडलेली नव्हती. अशा वेळी आत्ता मिळालेली सलाइन सहा तासांनी मिळणाऱ्या चांगल्या सलाइनपेक्षा जास्त कामाची. घरी सुरू करू, 48 तासांत आकडा उतरला नाही तर नाशिक. हा ‘नाही तर’ पहिल्याच दिवशी ठरवून टाकला, आणि घरच्यांनी गाडीवाल्याचा नंबर फ्रीजवर चिकटवला.

काय केलं

भिंतीवर एक मोठा खिळा होता. नोकरीत असताना आप्पा घरी आल्यावर त्यावर हातदिवा टांगायचे. त्या खिळ्याला रिंगर लॅक्टेट सलाइनची बाटली लागली. पर्यवेक्षक साहेब लसीकरणाला मदत करून संध्याकाळी सातला यायचे, हाताला चुन्यासारखा काहीतरी पांढरा डाग, आणि बूट दाराबाहेर धुऊन मगच आत. पुढचं आप्पांनी घेतलं. गार्डचं अर्धं आयुष्य वेळा लिहिण्यात जातं. वहीत ओळ पडायची : 19.12 सुरू. मिनिटाला 40 थेंब. 20.05 लघवी, भरपूर. 21.30 पाय हलवला, थेंब थांबले, सुई सरळ केली. 23.50 बाटली संपली. बंड्याखाली घमेलं सरकवून किती लघवी झाली ते मापट्याने मोजायचे, दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसून. स्वतःच्या गोळीबद्दल या सगळ्यात एकदाही बोलले नाहीत.

इकडे मी एक चूक निस्तरायला गेलो आणि दुसरी केली. “कुत्र्यासाठी?” म्हणाल्याची लाज वाटत होती, म्हणून रात्री फोन करून ताईला म्हटलं, काम सोड, मी बघतो. तिच्याकडचे तिन्ही रेफरन्स काढून टीममधल्या सगळ्यात नवीन मुलाला दिले. विषय टचस्क्रीनवरच्या एका हालचालीचा. त्याने चार्ट नेटका भरला, पण एका जुन्या फोनच्या पुस्तिकेला पीडीएफ फाइलमधली तारीख लावून टाकली. फाइल कधी बनली आणि लोकांच्या हातात कधी पडली या दोन गोष्टी वेगळ्या. पहिल्या तारखेला कोर्टात कोणी विचारत नाही. पुण्याच्या वकीलबाईंनी शनिवारी दुपारी तो रेफरन्स परत पाठवला, सोबत एकच ओळ : ही पुस्तिका प्रसिद्ध कधी झाली?

नाइलाजाने ताईलाच विचारलं. ती उलट सुखावल्यासारखी वाटली. म्हणाली, “दादा, काम चालेल हो. सोमवार नको होता, काम नको असं मी म्हटलं नव्हतं.” शनिवारी रात्री सलाइन चालू असताना तिने वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबसाइटची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या साइटवर, त्या कंपनीच्या सपोर्ट पानाच्या जुन्या नोंदी चाळल्या. प्रायॉरिटी डेटच्या सात महिने आधीच्या नोंदीत पुस्तिकेची लिंक होती, आणि लिंकवरची फाइलही जपलेली होती. पहाटे दोनला मेसेज आला. त्याखाली दुसरा : क्रिएटिनिन 5.2.

निकाल

रिपोर्ट सोमवारी गेला. तीनपैकी दोन रेफरन्स वकिलांनी उत्तरात वापरले, पुस्तिका त्यातली एक. पुढे दोन्ही कंपन्यांनी कोर्टाबाहेर मिटवून घेतलं आणि आमचा चार्ट कोणी वाचलाच नाही. याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं. अ‍ॅपल आणि सॅमसंग 2011 ला भांडायला लागले, जून 2018 मध्ये समेट झाला. नोकिया-ओप्पोही जानेवारी 2024 मध्ये मिटलं. पेटंट पाडण्याची भीती समेटाची रक्कम खाली आणते, चार्टचा उपयोग तेवढाच आणि तेवढा पुरे असतो.

बंड्याचं क्रिएटिनिन नवव्या दिवशी 3.1 वर आलं आणि तिथेच अडलं. म्हणजे किडनीचा काही भाग कायमचा गेला. डॉक्सीसायक्लिन 28 दिवस पूर्ण केलं, प्लेटलेट सुधारल्या. महिन्याचा खर्च 23 हजार. नंतर एक दिवसाआड कातडीखाली 300 मिली सलाइन आप्पा स्वतः द्यायला शिकले. मानेवर उंटासारखा फुगा यायचा, सकाळपर्यंत जिरायचा. भात, अंड्याचा पांढरा भाग, मीठ नाही. सात महिने तो चांगला जगला, असं ताई म्हणते. पोस्टमनवर भुंकणं त्याने चालू ठेवलं, आणि चिकूच्या झाडाखाली खड्डा करून झोपणंही.

एप्रिलमध्ये भुसावळचा पारा चढला आणि क्रिएटिनिनचा आकडा पुन्हा सातच्या पुढे. डॉक्टर घरी आले. आप्पांच्या वहीत शेवटची ओळ आहे : 17.40.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट अगदी साधी आणि तीच हातून सुटली. डॉक्टरांनी ‘काय खाल्लं’ विचारलं, ‘घरातली कुठली गोळी दिली का’ असं कोणी विचारलं नाही. खाणं म्हटल्यावर आई चपाती म्हणाली, आणि ते खरंच होतं. गोळी 24 लाच कळली असती तर सलाइन चार-पाच दिवस आधी लागली असती. त्याने किती फरक पडला असता ते सांगायला मी डॉक्टर नाही, पण जळगावच्या डॉक्टरांनी आता आपल्या कागदावर हा प्रश्न छापून घेतलाय.

नाशिकला न नेण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. ताईला निम्माच वाटतो. 48 तासांनी आकडा उतरला नसता तर खरंच निघालो असतो का, असं ती स्वतःलाच विचारते.

माझ्या बाजूचं सांगायचं तर रजेच्या अर्जात आम्ही ‘कोणाचं आजारपण’ हा रकाना काढून टाकला. पण खरी चूक दुसरी. एखादा माणूस अडचणीत असला की त्याच्याकडून सगळं काढून घेणं ही मदत समजलो. ताईकडून मुदत काढायला हवी होती, तारखा तपासायचं काम तिच्याकडेच ठेवून. नव्या मुलाला टंकायचं काम द्यायचं. आम्ही उलट वाटणी केली.

शेवटचा मुद्दा ताईने सांगितलाय, तिच्याच सांगण्यावरून लिहितो. सप्टेंबरमध्ये, डोकं शांत असताना, तिने बंड्याच्या त्याच चार्टच्या शीटच्या तळाशी तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या. हे झालं की डॉक्टरांना बोलवायचं, मग कोणी रडून थांबवायचं नाही. दोन दिवस पाणी नाही. लघवीला उठता येत नाही. आप्पांच्या स्कूटरचा आवाज आला तरी मान उचलत नाही. एप्रिलमध्ये पहिल्या दोन ओळी भरल्या. तिसरी भरेना. अंग उचलत नव्हतं, पण फाटकापाशी स्कूटर वाजली की मान वर यायची, शेपटी जमिनीवर दोनदा आपटायची. सहा दिवस तसे गेले, तोंडात फोड आलेले असताना. तीन ओळींच्या मध्ये तिने ‘आणि’ लिहिलं होतं. दुसऱ्यांच्या दाव्यांत ‘आणि’ आहे की ‘किंवा’ हे शोधायचा तिला पगार मिळतो. इथे ‘किंवा’ हवं होतं, असं ती म्हणते. शीट तिने तशीच ठेवली आहे, दुरुस्त न करता.